अपुरे चित्र, खोटे चित्र : मागणी, मुदत आणि कथाचित्रकाराचे उत्तरदायित्व

१

मराठी नियतकालिकांच्या श्रेयनामावलीत ‘मुखपृष्ठ’ आणि ‘सजावट’ हे दोन शब्द वर्षानुवर्षे शेजारी शेजारी छापले जात आहेत. पहिला शब्द केवळ जागा सांगतो. दुसरा मूल्यनिर्णय देऊन मोकळा होतो. कथेसोबतचे चित्र ही सजावट आहे असे म्हटले की ते कथेच्या अर्थाला बाहेरून लावलेले आहे, ते असले काय किंवा नसले काय, कथा तीच राहते, असे आपण गृहीत धरलेले असते. या गृहीतकातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. सजावटीला सुंदर किंवा सुमार म्हणता येते, खरी किंवा खोटी म्हणता येत नाही. दारातली रांगोळी बेताची असेल. ती असत्य आहे असे कोणी म्हणत नाही.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. प्रश्न असा : मागणीबरहुकूम, आणि आखून दिलेल्या, बहुधा अपुऱ्या मुदतीत काम करणाऱ्या कथाचित्रकाराचे नैतिक उत्तरदायित्व कोणाप्रती असते, आणि मुदतीची सबब त्याला कोठपर्यंत पुरते? प्रस्तुत लेखक धामणगाव रेल्वे येथे राहून मुंबई-पुण्याच्या अंकांसाठी व पुस्तकांसाठी चित्रे काढण्याचा व्यवसाय करतो. त्यामुळे हा प्रश्न त्याच्यापुरता केवळ तात्त्विक नाही. तथापि व्यवसायातील गाऱ्हाणी मांडणे हा येथे हेतू नव्हे. गाऱ्हाण्याला एक प्रतिपक्ष लागतो; येथील प्रश्नात प्रतिपक्ष कोण हेच आधी ठरवावे लागणार आहे.

२

प्रथम वाटेतील एक अडथळा दूर केला पाहिजे. मागणीने आणि मोलाने काढलेले चित्र मुळातच हीन होय असे मानले, तर त्याच्या नीतीचा वेगळा विचार करण्याचे कारणच उरत नाही. या धारणेला मोठा आधार कांटचा आहे. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये त्याने कला आणि कारागिरी यांत भेद केला. कला क्रीडेसारखी स्वतःतच सुखद असते. कारागिरी हे कष्टाचे काम असून ते केवळ मोबदल्यापोटी आकर्षक ठरते. दुसरीला तो मोलाची कला म्हणतो. या कसोटीने कथाचित्रकार दारातच अडवला जातो. मात्र त्याच विवेचनाच्या अखेरीस कांट जे बजावतो त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. मुक्त कलेलाही काही सक्तीचे अंग लागते. काव्याला भाषेची शुद्धता आणि छंद यांचे बंधन नसेल तर त्याच्या चैतन्याला शरीरच मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे मोल आणि बंधन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मुदत ही बंधनाच्या जातीची आहे, एवढे तरी यातून हाती लागते.

मोलाबाबत आपली परंपरा अधिक मोकळी होती. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगताना यशाच्या पाठोपाठ अर्थप्राप्तीचा निर्देश केला आणि त्याबद्दल कोणताही संकोच दाखविला नाही. आधुनिक मराठी सौंदर्यविचारात रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांच्या अनुषंगाने कलेची चर्चा मांडली. मागणीच्या चित्राला पहिल्या ध्रुवाजवळ सहज जागा मिळेल, दुसऱ्याजवळ मिळणार नाही. परंतु दोन्हीकडे विचारला जातो तो प्रश्न चित्राच्या स्वरूपाचा. चित्रकाराने कोणाला काय कबूल केले होते, आणि ते पाळताना कोणाचे नुकसान झाले, हा प्रश्न त्या चर्चेच्या कक्षेत येत नाही. कारण तो नीतीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक सूत्र कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त सापडते. अग्निमित्र मालविकेला प्रथम पाहतो ते राणीच्या परिवाराच्या चित्रात. दुसऱ्या अंकात ती प्रत्यक्ष समोर येते तेव्हा त्याला वाटते की ज्याने ती चित्रात उतरविली त्या कुंचल्यामागचे अवधानच ढिले पडले असले पाहिजे. ‘शिथिलसमाधी’ ही संज्ञा तेथून आपल्या कलाविचारात आली. ते चित्र राजवाड्यासाठी काढलेले, म्हणजे मागणीचेच होते. तरीही राजा मागणीला दोष देत नाही, मोबदल्याला देत नाही, वेळ कमी पडला असेल असेही म्हणत नाही. त्याने दोष ठेवला तो अवधानावर. घाई आणि शैथिल्य या एक नव्हेत, हा यातील महत्त्वाचा बोध आहे. महिनाभराची सवड असूनही अवधान शिथिल राहू शकते, आणि एका रात्रीत काढलेले चित्र पूर्ण एकाग्रतेचे असू शकते. तेव्हा मुदत हा दोष नव्हे. मुदत ही अशी परिस्थिती आहे की जीत दोष घडणे सोपे होते.

३

मराठीत या मुदतीला तिथी आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे मराठी लेखक-चित्रकारांचे वर्षच दिवाळीभोवती फिरू लागले. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले. रघुवीर मुळगावकर यांनी ‘रत्नप्रभा’ काढले. येथे चित्रकार स्वतःच स्वतःचा मालक झाला होता. मागणी करणारा आणि मागणी पुरविणारा एकच असेल तर प्रश्न सुटावा असे वाटते. पण सुटला तो मागणीचा, मुदतीचा नव्हे. दिवाळी मालकासाठीही थांबत नाही.

मुदतीने कलेचे भलेही केले आहे. आर. के. लक्ष्मण १९५१ पासून दररोज एक चौकट भरीत होते. आरंभी ते निरनिराळ्या प्रांतांतील माणसांची गर्दी चित्रात दाखवीत. रोजच्या घाईत ती माणसे एकेक करून गळत गेली आणि अखेर चौकड्यांच्या कोटातील एकच मुका माणूस उरला, असे त्यांनी सांगितले आहे. येथे वेळेच्या टंचाईने चित्र उणे केले. पण जे उरले ते आधीच्या गर्दीपेक्षा अधिक खरे होते. हे उदाहरण आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

दुसरे उदाहरण वसंत सरवटे यांचे. ‘ललित’मधील जयवंत दळवी यांच्या ठणठणपाळाला त्यांनी हातोडा दिला, देह दिला. ठणठणपाळ ही एका टोपणनावामागील वाणी होती. वाचकाच्या मनात मात्र ती सरवट्यांच्या रेषेनेच वावरली. सरवटे हे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते आणि सिमेंट कंपनीतील नोकरीवर त्यांचा चरितार्थ चालत असे. धुरंधरांच्या मागे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील नोकरी होती. या दोघांच्या कर्तृत्वाला यामुळे बाध येत नाही. पण नकार देण्याच्या स्वातंत्र्याला एक आर्थिक पाया लागतो हे त्यातून दिसते. ज्याचे घर चित्रांवरच चालते त्याला दिवाळीपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत वर्षाची बेगमी करावी लागते. त्याने प्रत्येक अपुऱ्या मुदतीला नकार द्यावा असा नियम सांगणे म्हणजे नीती ही पगारदारांची मिरास ठरविणे होय.

आता मुदत आखडते कशी हेही पाहिले पाहिजे. अंकाच्या कामात जाहिरातींच्या तारखा ठरलेल्या असतात, छापखान्याची तारीख ठरलेली असते, बांधणीची आणि वितरणाचीही. लांबते ते लेखन. लेखकाची आठ दिवसांची दिरंगाई, मग संपादन, मग अक्षरजुळणी, मग मुद्रितशोधन; या साऱ्यांचा उशीर साठत साठत शेवटच्या माणसापाशी येतो, आणि तो शेवटचा माणूस चित्रकार असतो. त्याच्या वाट्याला नेमलेला वेळ येत नाही, उरलेला येतो. पूर्वी धामणगावहून चित्रे जाड पुठ्ठ्यांत बांधून टपालाने पाठवावी लागत, आणि प्रवासाचे दिवस हिशेबात धरून मजकूर लवकर येत असे. आता मजकूर आणि चित्र दोन्ही क्षणात पोहोचतात. वाचलेले दिवस चित्रकाराला मिळाले असे मात्र झाले नाही. ते साखळीतील आधीच्या दुव्यांनी खाल्ले. आणि उरलेला वेळ कमी पडला की पहिला बळी रेषेचा जात नाही. हात सरावलेला असतो, तो चालतोच. बळी जातो तो वाचनाचा.

४

येथे आपण मूळ गृहीतकाकडे येतो. कथाचित्र ही सजावट आहे काय? अंक उघडताच वाचकाची नजर प्रथम चित्रावर जाते. शीर्षक वाचण्यापूर्वी त्याने नायिकेचा चेहरा पाहिलेला असतो, घर पाहिलेले असते, उजेड पाहिलेला असतो. म्हणजे कथाचित्र हे त्या कथेचे पहिले प्रकाशित वाचन असते. समीक्षकाचे वाचन कथेनंतर काही महिन्यांनी येते आणि त्याच्याशी वाद घालता येतो. चित्राचे वाचन कथेच्या आधी येते आणि वाद न घालता मनात बसते. उद्धव ज. शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिकचे उदाहरण घ्या. ती वऱ्हाडी बोलते, तिच्या उपासमारीला एक विशिष्ट गाव आहे, विशिष्ट घर आहे. घाईतल्या हाताने तिला चित्रपटातून आलेल्या कोणत्याही खेडवळ बाईचा चेहरा दिला, तर शेळक्यांनी शब्दाशब्दाने उभे केलेले वेगळेपण वाचनापूर्वीच पुसले जाईल.

मागणीचा करार संपादक आणि चित्रकार या दोघांत होतो. पण त्या कराराने ज्यांचे हित-अहित होते ते आणखी दोन जण कराराबाहेर असतात : संहिता आणि वाचक. ज्या माणसांविषयी ती कथा आहे ती तर तिसरीच. संपादकाला ठरल्या वेळी चित्र मिळाले, चित्रकाराला मानधन मिळाले, की करार पुरा झाला. वचन पाळणे हेही नैतिक कर्तव्य आहेच. चित्र उशिरा आले तर छापखान्यातील माणसे रात्रभर खोळंबतात. परंतु करार पुरा होणे आणि उत्तरदायित्व पुरे होणे यांत अंतर राहते.

कायद्याने या त्रिकोणातील एकच बाजू सांभाळली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कलाकृती विकल्यानंतरही कर्त्याकडे काही विशेष हक्क ठेवते. त्याच्या कृतीची मोडतोड वा विकृती झाली तर तो दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले. त्या प्रकरणी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन अवशेष परत करण्याचा व ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. ते शिल्पही सरकारी मागणीचे होते. मागणी करणाऱ्यापासून कलावंताचे रक्षण व्हावे हे योग्यच आहे. पण कलावंतापासून संहितेचे, आणि संहितेतील माणसांचे, रक्षण कोण करणार? तेथे कायदा नाही. तेथे केवळ अवधान आहे.

५

आता हा प्रश्न वऱ्हाडात आणून पाहू. धामणगाव हे नाव येथे ‘रेल्वे’ जोडूनच सांगितले जाते, कारण अमरावती जिल्ह्यातच धामणगाव गढी आहे आणि बुलढाण्यात धामणगाव बढे. यवतमाळकडचा कापूस पूर्वी बंड्यांनी या स्थानकावर येऊन पुढे जात असे. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने त्यातूनच उभे राहिले. या मुलखाविषयी गेल्या अडीच दशकांत जे लिहिले गेले त्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा विषय वारंवार आला. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली. त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ होतेच. या साऱ्या लेखनासोबत एक चित्रही रूढ झाले : भेगाळलेली जमीन, तिच्यावर उकिडवा बसलेला फेटेवाला म्हातारा, कपाळावर आडवा हात आणि कोरडे आभाळ.

हे चित्र येथे राहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. फेटा पश्चिम महाराष्ट्राकडून आलेला; पण तो तपशील सोडून देऊ. मुख्य गोष्ट भेगांची. वऱ्हाडातील खोल काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. कितीही चांगला पावसाळा होऊन गेला तरी उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, जमीन आपोआप उलटीपालटी होते. येथल्या वावराची भेग हे दुष्काळाचे लक्षण नव्हे, ते काळ्या मातीचे लक्षण आहे. शहरातील नजरेला जी जमिनीची जखम वाटते, ती येथे मे महिन्यातील नित्याची गोष्ट आहे.

यावर आक्षेप घेता येईल की भेग हे विधान नसून खूण आहे. वाचक तिचा अर्थ ‘संकट’ एवढाच घेतो आणि तो अर्थ खरा आहे. आक्षेप विचारार्ह आहे. पण खूण संकटाचे नाव सांगून थांबत नाही, कारणही सांगते. भेग आणि आभाळ दाखविले की दोष निसर्गाचा ठरतो, आणि निसर्गाचा दोष म्हणजे कोणाचाच नव्हे. मग कापसाचा भाव, सावकाराचे व्याज, बँकेचा उंबरठा, बियाण्याचा आणि फवारणीचा खर्च, हे सारे चित्राबाहेर राहून निर्दोष सुटतात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस खाल्ला; त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. पऱ्हाटी तेव्हा वावरात हिरवी उभी होती. अळी कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते, आणि बोंड बाहेरून धड दिसत राहते. फुटते तेव्हा आतला कापूस सडलेला असतो. भेगाळलेल्या जमिनीचे चित्र या हंगामाविषयी केवळ अपुरे नाही, ते खोटे आहे.

त्यानंतरच्या एका वर्षी एका दिवाळी अंकाकडून प्रस्तुत लेखकाला असेच काम आले. मंगळवारी संध्याकाळी फोन, गुरुवारी दुपारी चित्र हवे. कथा अजून हातात नव्हती. विषय शेतकऱ्याच्या आत्महत्येचा आहे, जमीन भेगाळलेली घ्या, म्हणजे वाचकाला लगेच कळेल, एवढे सांगण्यात आले. कथा वाचल्याशिवाय माणूस काढता येत नाही, घर काढता येत नाही, कारण काढता येत नाही. म्हणून एकच बोंड काढून पाठवले : बाहेरून धड, एका पाकळीपाशी किंचित काळवंडलेले. उत्तर आले की चित्र चांगले आहे, पण कळणार नाही. छापले गेले ते तयार साठ्यातून घेतलेले भेगांचे चित्र, आणि बोंडाचे मानधन आले नाही. अंक हाती आल्यावर कथा वाचली. तिच्यात दुष्काळ नव्हताच. कापूस विकायला गेलेली एक विधवा, वजनकाटा, आणि मालातून कापला जाणारा कडता, एवढीच ती कथा होती. बोंडाचे चित्रही त्या कथेचे पुरे वाचन ठरले नसते. पण कथेने जे म्हटले नव्हते ते त्याने तिच्या तोंडी घातले नसते.

६

या उदाहरणावरून जो भेद सुचतो तो असा. चित्र अपुरे असणे आणि चित्र खोटे असणे या भिन्न कोटी आहेत. मुदत अपुरेपणाची सबब होऊ शकते, खोटेपणाची नाही. साक्षीदाराला दोनच मिनिटे बोलू दिले तर तो थोडे सांगेल, आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देणार नाही. पण वेळ थोडा होता म्हणून न पाहिलेले सांगितले, हा बचाव कोणी ऐकून घेणार नाही. तोच न्याय रेषेला लागू आहे. ज्याला वाचायला वेळ मिळाला नाही त्याने विधानाचा आवाका कमी करावा. चेहरा ठाऊक नसेल तर पाठमोरा माणूस काढावा. माणूस ठाऊक नसेल तर वस्तू काढावी. वस्तूही ठाऊक नसेल तर जागा अक्षरांना सोडावी. लक्ष्मण यांच्या चौकटीत वेळेच्या टंचाईने हेच केले होते. जे गळत गेले ते उणे झाले, खोटे काही वाढले नाही.

हा नियम नकाराच्या नियमापेक्षा सौम्य आहे, आणि तो पोटावर काम करणाऱ्यालाही पाळता यावा असा आहे. तो फुकट पाळता येतो असे मात्र नव्हे. बोंडाचे मानधन आले नाही, हे वर सांगितलेच. मी काढले नाही तर दुसरा कोणी काढील, हा युक्तिवाद येथे नेहमी केला जातो. तो वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. पण दुसऱ्याच्या हातून काय होईल यावरून माझ्या हाताचे उत्तरदायित्व ठरत नाही. शिवाय आता तो ‘दुसरा’ माणूसच असावा लागत नाही. अलीकडच्या काळात सांगितल्या शब्दांवरून क्षणार्धात चित्र तयार करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. त्यांनी अगणित चित्रे पाहिलेली असतात, वावर एकही पाहिलेले नसते. भेगांचे चित्र ती आपल्यापेक्षा लवकर आणि सफाईने काढतील. चित्रकार जोवर साचाच पुरवीत असेल तोवर यंत्राशी त्याला भांडण नाही. ते त्याच्याच कामाचे वेगवान रूप आहे. त्याच्यापाशी वेगळे उरते ते एवढेच की मी वाचले आहे, किंवा मी वाचलेले नाही म्हणून एवढेच काढले आहे, असे तो सांगू शकतो आणि त्या सांगण्याला बांधला जाऊ शकतो.

उत्तरदायित्वाची वाटणी अर्थात एकट्या चित्रकारापाशी संपत नाही. मुदत देणाऱ्याने मुदतीत वाचनाचा दिवस धरलेला नसेल, तर खोट्या चित्रात त्याचाही हिस्सा असतो. ‘लगेच कळेल’ या कसोटीत वाचकाविषयीचा एक अनादर दडलेला आहे : जे त्याने आधीच पाहिले आहे तेवढेच त्याला कळते, असे ती मानते. आणि हा भेद केवळ चित्राला लागू आहे असेही नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकूर पाहून ठरल्या तारखेला परीक्षण देणारा समीक्षक हा भेगांच्या चित्रकाराचा सख्खा भाऊ होय. त्यालाही अपुरे लिहिण्याची मुभा आहे. चार प्रकरणे वाचली असतील तर चारांपुरते बोलावे. उरलेल्या ग्रंथाची भेगाळलेली जमीन त्याने कल्पनेने काढू नये.

‘सजावट’ हा शब्द श्रेयनामावलीतून लगेच जाईल असे नाही. पण ‘कथाचित्रे’ असा साधा शब्द तेथे आला, आणि चित्रकाराला कथा वाचायला मिळाली होती की नाही हे संपादक आणि चित्रकार एकमेकांना विचारू लागले, तरी कराराबाहेर उभ्या असलेल्या कथेला आणि तिच्यातील वजनकाट्यापुढे उभ्या असलेल्या त्या बाईला थोडी जागा मिळेल.